बिनविरोध

दर रविवारी सकाळी साडेसहाला टोरांटोहून शिवकन्याचा फोन यायचा आणि त्यात तीन प्रश्न असायचे. जेवण नीट होतंय का? रक्तदाबाची गोळी घेता का? टँकर आला का? सोमलिंग म्हणायचा, होतंय, घेतो, आला. टँकर आलेला नसला तरी आला म्हणायचा. नाही म्हटलं तर चौथा प्रश्न यायचा आणि त्याला काय उत्तर द्यावं ते त्याला सुचायचं नाही. मग पोरगी म्हणायची, "बरं, ठेवू का अप्पा?" आणि हा म्हणायचा, "ठेव." सगळं मिळून चार मिनिटं.

महादेवी होती तेव्हा हाच फोन तासभर चालायचा. सोमलिंग ओसरीवर दाढी करत बसलेला असायचा आणि आतून बायकोचा आवाज यायचा. "न्हाई, खांब्या मी सोडणार न्हाई. तुला दाढीवाला पायजे तर घे." त्याला वाटायचं, मायलेकी पाहुण्यारावळ्यांची उणीदुणी काढतायत. त्यानं कधी विचारलं नाही. तीस-पस्तीस वर्षं तो गावच्या पाणी संस्थेचा सेक्रेटरी होता, आणि संस्थेबाहेरचं काही विचारायची त्याला सवय राहिली नव्हती.

माघात महादेवी गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बारा दिवस होती. पोरगी आली, वीस दिवस राहिली, परत गेली. तेव्हापासून रविवार चार मिनिटांचा झाला.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी तीन प्रश्न झाले, आणि फोन ठेवायच्या आधी शिवकन्या जरा थांबली.

"अप्पा, आईची टीम काढून टाकू का?"

"कसली टीम?"

मग तिनं सांगितलं. अमेरिकेत बास्केटबॉलचे मोठे सामने होतात, हिवाळाभर चालतात. आठ जणांनी मिळून मोबाईलवर एक डाव मांडलेला होता. ज्यानं त्यानं त्या खऱ्या खेळाडूंमधून दहा जण आपले म्हणून निवडायचे. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग ते खेळाडू खऱ्या सामन्यात जेवढे बॉल जाळीत टाकतील, जेवढे झेलतील, तेवढे गुण त्यांना निवडणाऱ्याचे. निवडायच्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात. आठ जणांत शिवकन्या होती, तिचा नवरा शिवशरण होता, टोरांटोतली तीन मराठी माणसं होती, अंबाजोगाईच्या कॉलेजात शिवकन्याबरोबर खेळलेल्या केशर आणि तुळजा होत्या. आणि आठवी महादेवी. शिवकन्याच्या बाळंतपणाला ती सहा महिने टोरांटोला गेलती, तिथं नातवाला मांडीवर घेऊन रोज सामने बघितले आणि परत आली ती टीम घेऊनच. चार वर्षं चालवली.

सोमलिंगाला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

"म्हंजी माणसं तिकडं खेळणार आन् आपण हितं बसून संचालक मंडळ निवडायचं," तो म्हणाला.

"तसंच समजा."

"आन् आधी कुणी निवडायचं, कुणी मागून?"

"चिठ्ठ्या टाकतो. पहिल्या फेरीला एक ते आठ. दुसऱ्या फेरीला उलटं, आठ ते एक. म्हणजे शेवटच्याला लागून दोन मिळतात. तिसऱ्या फेरीला परत सुलटं."

सोमलिंग बोटानं ओसरीवर तो फेरा काढून बघत होता.

"अप्पा? ऐकताय का?"

"हा तर तुझ्या आईचा उलटा फेरा हाय."

"कसला फेरा?"

"सांगीन कवातरी." मग तो म्हणाला, "टीम काढू नको. मी बसतो तिच्या जागंवर."

"तुम्ही?"

"कावून? मंडळं निवडण्यात माझा जन्म गेला की."

पलीकडं पोरगी हसली का नुसता श्वास सोडला ते त्याला कळलं नाही. "पुढच्या रविवारी ह्याच वेळेला ड्राफ्ट आहे," ती म्हणाली. "यादी पाठवते. तयारी करा मग."

फोन ठेवल्यावर त्यानं बघितलं, एकवीस मिनिटं झाली होती. ही टीम मोडली तर आपल्याकडं तीन प्रश्न राहतील आणि काही वर्षांनी दोन, एवढं त्याला पक्कं समजलं.

सोमवारी महादेवीच्या समाधीवर बेल ठेवून तो तसाच घाटनांदूरला गेला आणि झेरॉक्सच्या दुकानातून यादीची बारा पानं काढून आणली. ती घेऊन संस्थेच्या ऑफिसात बसला. संस्थेची मोटार दोन सालांपासून बंद होती. विहिरीचा तळ वरून दिसत होता, आणि यंदा पेरलेली ज्वारी वीतभर होऊन करपली होती. तरी सोमलिंग रोज ऑफिस उघडायचा, झाडून घ्यायचा, आणि संस्थेचा जुना मोटार चालवणारा आसाराम रोज समोरच्या बाकावर येऊन बसायचा.

"ही कुठली मतदारयादी म्हणायची?" आसारामनं विचारलं.

सोमलिंगानं समजावून सांगितलं. आसारामनं चष्मा लावून पहिलं पान बघितलं.

"सात फूट! आरं, हा घरात शिरत आसंल का रांगत?"

"उंचीवर जाऊ नको. सामने किती खेळला ते बघ."

"ह्यो बघ. ब्याऐंशीतले एकेचाळीस. निम्मं साल गायब. ऊसतोडीला जातो का काय?"

"काट त्याला."

तीन दिवस दोघांचं हेच चाललं. सोमलिंगानं मंडळ बांधतात तशी यादी बांधायला घेतली. एका गावचे दोन नकोत, उरलेली गावं नाराज होतात. उंच चार, बुटके चार, मधले दोन. एक म्हातारा अनुभवी, एक नवा तरणा. डेट्रॉईटचा एक चांगला गडी होता, पण डेट्रॉईटचा एक आधीच घेतला म्हणून सोमलिंगानं त्याला खोडला.

"पण त्यांच्या गावात आपल्याला मतं मागायची हायत का?" आसाराम म्हणाला.

सोमलिंगानं यावर विचार केला आणि डेट्रॉईटवाल्याला परत लिहिला.

एक गोष्ट मात्र अडली. खांब्या कोण? महादेवीला इंग्रजी नावं धरायला नको वाटायचं, तिनं सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. शिवकन्याला विचारावं तर ती म्हणेल, एवढंही माहीत नाही. म्हणून त्यानं पुण्याला केशरला फोन लावला. ती शिवकन्याच्या टीमची कॅप्टन होती, घरी कैकदा जेवून गेलेली.

"खांब्या होय काका!" केशर म्हणाली. "यादीत सोळावं नाव. उभा राहिला की हलत नाही आणि चार वर्षांत सामना बुडवला नाही. काकूंनी कुणाला घेऊ दिला नाही तो. तुमची शिवी दरवर्षी टपून असते त्याच्यावर. गेल्या साली मायलेकींचं त्याच्यावरून वाजलं, दोन रविवार फोन बंद होता."

"दोन रविवार?"

"मग तिसऱ्या रविवारी दोन तास बोलल्या."

दोन तासांचं सोमलिंगाच्या कानात गेलंच नाही. दोन रविवार फोन बंद, एवढंच त्यानं ऐकलं. त्याच्याकडं आता रविवारच उरले होते. आणि अशा वेळी काय करायचं हे त्याला उभ्या जन्मात एकच माहीत होतं. निवडणूक लागायच्या आधी फिरायचं, ज्याला त्याला भेटायचं, बसवायचं, मिटवायचं, बिनविरोध करायचं. मतपेट्या फोडल्या की माणसं फुटतात, असं तो म्हणायचा. एकतीस वर्षांत संस्थेच्या सात निवडणुका झाल्या, त्यातल्या सहा त्यानं बिनविरोध केल्या होत्या.

"केशर," तो म्हणाला, "तुला मनापासून कोण पायजे ते सांग. दोघं सांग. बाकीच्यांशी मी बोलतो. भांडायचं कशाला?"

केशर जरा घुटमळली. मग म्हणाली, "बरं काका. तुम्ही म्हणताय तर."

लातूरला तुळजाला फोन केला. ती फौजदार होती, तिचा आवाज मोठा. तीही "तुम्ही म्हणताय तर" म्हणाली. जावई म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते, मामा." टोरांटोतल्या तिघांचे नंबर जावयाकडूनच घेतले. एक नागपूरकडचा होता, दोघं कोल्हापूरचे. तिघंही पाच मिनिटांत तयार झाले. सोमलिंगाला वाटलं, हात अजून गेला नाही आपला.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं मोठा कागद घेतला, आठ रकाने पाडले, आणि आपल्या वळणदार अक्षरात प्रत्येकाच्या नावाखाली दहा खेळाडू लिहिले. खांब्या शिवकन्याच्या नावाखाली, पहिल्या ओळीत. वर मथळा दिला, "सर्वानुमते". शुक्रवारी सकाळी कागदाचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, निवड बिनविरोध पार पडली, सर्वांचे आभार.

संध्याकाळी पाचला फोन वाजला. शुक्रवारी तिचा फोन कधी येत नसे.

"अप्पा, हे काय आहे?"

"मिटवलं सगळं. तुला खांब्या दिला बघ."

"दिला म्हणजे? तो तुमच्याकडं होता का द्यायला?"

"आगं, सगळे हो म्हणले. कुणाची तक्रार न्हाई."

"सगळे हो म्हणाले कारण आई गेलीय! तुम्ही एकटे आहात म्हणून! कोण तुम्हाला नाही म्हणणार, अप्पा? कीव केली सगळ्यांनी. तुळजा मला म्हणाली, काकांचा आवाज ऐकून मला नाही म्हणवेना."

सोमलिंगानं टेबलावरचा आठ रकान्यांचा कागद उलटा ठेवला.

"वर्षातनं हा एक दिवस असतो आमचा," शिवकन्या म्हणाली. "आरडाओरडा करायचा, एकमेकींच्या तोंडचा घास पळवायचा. आई तर काय एक एक करायची. आणि तुम्ही त्याचा ठराव करून टाकला. जाऊ दे. मी बंदच करते सगळं."

"शिवे..."

"ठेवते."

ठेवू का, असं तिनं विचारलं नाही.

आसाराम बाकावर बसून ऐकत होता. फोन सोमलिंगाच्या कानाला होता तरी शिवकन्याचा आवाज त्याच्यापर्यंत गेला होता.

"चांगलं करायला गेलतो," सोमलिंग म्हणाला.

"ते खरं. पण सेक्रेटरी, वैनीनं काय केलतं ते इसरलास का बे?"

तो विसरला नव्हता. सत्त्याऐंशीचं साल होतं, असाच दुष्काळ. संस्थेची पहिली निवडणूक. नदीकाठच्या विहिरीतून पाईप निघायचा, आधी मोहनरावांच्या मळ्यात, मग वरच्या शिवारात, आणि सगळ्यात शेवटी खालच्या शिवारात. पाणी नेहमी वरून सुरू व्हायचं आणि खाली पोचेपर्यंत लाईट जायची नाहीतर विहीर आटायची. खालच्या शिवाराला आठ-आठ दिवस थेंब मिळत नसे. मोहनराव त्या भागातले मोठे माणूस, त्यांच्या बैठकीत सोमलिंगानं सात जणांचं मंडळ मिटवलं. सातही वरच्या शिवारातले. खालच्यांना सांगितलं, पुढच्या खेपेला तुमचं बघू.

अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी, अर्ज भरायची वेळ संपायला पाऊण तास राहिला असताना, महादेवी ऑफिसच्या दारात आली. डोक्यावर पदर, कडेवर दीड वर्षाची शिवकन्या, हातात कागद. खालच्या शिवारातली दोन एकर तिच्या बापानं तिच्या नावावर केलेली होती, म्हणून ती स्वतः सभासद होती. सोमलिंगाच्या हे लक्षातही नव्हतं.

"सेक्रेटरीसायब, अर्ज घ्या," ती म्हणाली.

"घरी बोलू," सोमलिंग हळूच म्हणाला.

"घरचं घरी. हे हापिस हाय. अर्ज घ्या आन् पोच द्या."

आसाराम तेव्हा बावीस वर्षांचा, मोटारीच्या खोलीतून पळत बघायला आला होता. सोमलिंगानं अर्ज घेतला. पोच दिली. दुसऱ्या दिवशी मोहनराव स्वतः घरी आले, चहा प्याले, म्हणाले, "वहिनी, गावाची शोभा राहू द्या." महादेवीनं आणखी चहा विचारला, पण अर्ज मागं घेतला नाही. मतदान झालं. बत्तीस सभासदांत ती चार मतांनी निवडून आली आणि पहिल्याच बैठकीत तिनं ठराव मांडला. एका पाळीला पाणी वरून खाली, दुसऱ्या पाळीला खालून वर. शेवटच्याला लागून दोन पाळ्या, मग परत वर. भांडणं झाली, खुर्च्या सरकल्या, पण ठराव झाला.

सोमलिंग तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी खालच्या शिवाराला पहिल्यांदा आधी पाणी सुटलं तेव्हा तो बघायला गेला. ती हातात खोरं घेऊन दारं धरत होती.

"कावून केलंस असं?" त्यानं विचारलं. "मी सगळं मिटवलं होतं."

"तुमी मिटवलं," ती म्हणाली. "पण कुणाला काय पायजे ते इचारलं कुठं? भांडू दिलं असतं तर कळलं असतं."

चिखलात उतरून त्यानं तिच्या हातातलं खोरं घेतलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. आणि तिच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल लागला होता तेही आठवत होतं. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. त्यानंतरच्या साही निवडणुका त्यानं परत बिनविरोध केल्या, खालच्यांना त्यांची जागा देऊन. ती हसायची. म्हणायची, तुमाला भांडणाचं लई भ्याव.

"आता काय करतो?" आसारामनं विचारलं.

"फोन लावतो."

त्यानं पहिला फोन तुळजाला लावला. "तुळजा, परवाचा समझोता मोडला. मी रद्द करतोय. रव्वारी ज्याला जे पायजे ते ज्यानं त्यानं घ्यायचं. आन् माझी कीव करायची न्हाई."

पलीकडं फौजदारीणबाई मोठ्यानं हसली. "काका, नक्की ना? मग तुमच्या डोक्यावर पाय देऊन नेते बघा. आता रडायचं नाही."

जावई म्हणाला, "बरं झालं मामा, तुम्ही मला दिलेल्यातले पहिले दोघंही लंगडे होते." नागपूरवाल्यानं तर सांगितलं की तो सकाळपासून बायकोशी या कागदावरून भांडतोय.

केशर शेवटी भेटली. तिला सांगून झाल्यावर सोमलिंगानं विचारलं, "केशर, आमची मंडळी तुमच्या सामन्यांना यायची का गं?"

"काका, म्हणजे काय? तुम्हाला माहीत नाही?"

"डबा द्यायला जाते म्हणायची."

"डबा असायचाच. पण सामना संपेपर्यंत हलायच्या नाहीत. कडेला उभ्या राहून ओरडायच्या, 'पोरीनो, भुईकडं काय बघता, भुईत काय पुरलंय? वर बघा!' आमचे सर म्हणायचे, माझ्यापेक्षा ह्यांचंच ऐका. औरंगाबादला तर पंचांशी भांडल्या. पंच म्हणाले, बाई, तुम्हाला नियम माहीत आहेत का? त्या म्हणाल्या, माझ्या पोरीला ढकललं ते दिसलं, नियम तुमी बघा."

सोमलिंग हसला. हसता हसता त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. केशर पलीकडं "काका, काका" करत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "हाय. हाय मी. रव्वारी ये."

शिवकन्याला मात्र त्यानं फोन केला नाही. ग्रुपवर लिहिलं, "पूर्वीची निवड रद्द. निवडणूक होणार. सेक्रेटरी." तिचं उत्तर आलं नाही. शनिवार असाच गेला. आसाराम दोनदा म्हणाला, "आलं का काही?" आणि सोमलिंगानं दोनदा नाही म्हणून मान हलवली. रात्री झोपताना एकदा बघितलं. चिठ्ठ्यांचा निकाल आला होता. शिवकन्यानंच टाकला होता, बाकी एक शब्द नव्हता. शिवकन्या सातवी. सोमलिंग आठवा.

गावात रेंज धड मिळायची ती संस्थेच्या हौदावर. हौद आता कोरडा होता. रविवारी सहाच्या सुमारास दोघं शिडीनं वर चढले. आसारामनं यादी मांडीवर घेतली, पेन्सिल कानावर ठेवली. साडेसहाला सगळ्यांचे आवाज एकदम फोनमध्ये आले. शिवकन्याचा आवाज कामापुरता होता. "प्रत्येकाला नव्वद सेकंद. नाव निवडा आणि बटण दाबा. सुरू."

कोल्हापूरवाल्यानं पहिला घेतला. मग दुसऱ्यानं, मग केशरनं. आसाराम नावं खोडत होता. तुळजानं जावयाच्या मनातला खेळाडू उचलला आणि जावई "अहो, अहो" म्हणत राहिला. शिवकन्याची वेळ आली. खांब्या अजून यादीत होता. सोमलिंगाला वाटलं, आता घेते. तिनं दाढीवाला घेतला.

"कावून?" आसाराम कुजबुजला.

सोमलिंगाला कळलं होतं. पोरीला वाटत होतं की बाप खांब्याला हात लावणार नाही. परवा कागदावर त्यानंच तो तिच्या नावानं लिहिला होता. आता बापाचे दोन होतील, मग फेरा उलटून लगेच तिची वेळ येईल, आणि तेव्हा ती सावकाश खांब्या घेईल.

त्यानं पहिला डेट्रॉईटवाला घेतला. दुसऱ्यासाठी सेकंद सुरू झाले.

"सोड की पोरीला," आसाराम म्हणाला. "तुला काय करायचा?"

सोमलिंगही तेच ठरवून वर चढला होता. पण सोडला तर तिला कळणार होतं की सोडला. ती "थँक्यू अप्पा" म्हणेल, गोड बोलेल, आणि मग विचारेल की जेवण नीट होतंय का. पंचावन्न सेकंद उरले. चाळीस. त्याचा अंगठा बटणावर होता. हे करून ती आणखी तुटली तर? मतपेटी फोडल्यावर काय होतं ते त्याला सांगता येत नव्हतं, कारण त्यानं ती एकदाच फोडलेली बघितली होती.

वीस सेकंद उरले असताना त्यानं खांब्या घेतला.

आसारामची पेन्सिल कागदावर तशीच थांबली. सोमलिंगानं डोळे मिटले.

"अप्पा!"

"काय?"

"खांब्या माझा होता!"

"कुठं लिवलंय?"

"तुम्हीच लिहिलं होतं परवा! तुमच्या अक्षरात!"

"त्यो कागद रद्द केला म्हणून कळवलं होतं."

"चीटिंग आहे ही! केशर, सांग ह्यांना!"

"मला काय सांगतेस," केशर म्हणाली, "सेक्रेटरींनी नोटीस काढली होती."

तुळजा एवढ्या मोठ्यानं हसली की फोन खरखरला. "शिवे, अगदी काकूंसारखं केलं बघ ह्यांनी."

"काकूंसारखं नाही," शिवकन्या म्हणाली. "आई निदान आधी शिव्या द्यायची. हे गुपचूप करतात. थांबा अप्पा, आता बघतेच तुमच्याकडं."

आणि तिनं बघितलं. पुढच्या सात फेऱ्यांत बापाच्या यादीतले पाच जण तिनं त्याच्या तोंडासमोरून नेले. सोमलिंग "आगं ए! आगं थांब!" म्हणून ओरडत होता आणि आसाराम "गेला, ह्यो बी गेला" म्हणत खोडत होता. खालून जाणाऱ्या बायका मान वर करून बघत होत्या. सेक्रेटरी हौदावर बसून कुणाशी भांडतोय ते कुणाला कळत नव्हतं. ऊन अंगावर आलं तरी दोघं उठले नाहीत. शेवटच्या फेरीला सोमलिंगाच्या वाट्याला तो निम्मं साल गायब असणारा एकेचाळीस सामन्यांचा गडी आला, आणि त्यालाही त्यानं भांडूनच घेतला.

सव्वा तासानं सगळे एकेक करून गेले. तुळजाला ड्यूटी होती. जावई म्हणाला, जेवायला वाढतो. आसाराम चहाला म्हणून शिडी उतरला. फोनमध्ये शिवकन्या एकटी राहिली.

"अप्पा, खांब्या द्या. बदल्यात दोघं देते."

"कोणते दोघं?"

तिनं नावं सांगितली.

"एक म्हातारा झालाय आन् दुसऱ्याचा गुडघा गेलाय. मी यादी वाचलीय."

"बरीच तयारी केलीत की."

"तीन दिवस केली. न्हाई देत."

"मंगळवारी परत विचारीन."

"इचार. बुधवारी बी इचार."

ती हसली. देण्याघेण्याचं बोलणं संपलं तरी कुणी "ठेवू का" म्हणालं नाही. सोमलिंगानं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"शिवे," तो म्हणाला, "तुझा एक बी सामना मी बघितला न्हाई."

"माहीत आहे अप्पा. तुमच्या बैठका असायच्या."

"पयला कुठं झालता?"

"माजलगावला. त्यात काय आहे सांगण्यासारखं? तेहतीस गुणांनी हरलो."

"तरी सांग."

"आत्ता? तुम्ही चहा तरी घेतलाय का?"

"चहा ऱ्हाऊ दे. सांग."

पलीकडं तिनं नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तुम्ही जेवून घ्या असं काहीसं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आम्ही नऊ जणी होतो," ती म्हणाली. "कॉलेजची जीप होती, तिचं एक दार दोरीनं बांधलेलं. आई पुढं बसलेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आणि तेलगावपर्यंत आलो तर जीप बंदच पडली."

"मग?"

"मग आई खाली उतरली..."

सोमलिंग हौदाच्या कठड्याला टेकून बसला.

"उतरली," तो म्हणाला. "हां. पुढं?"